फ्रेम्या

वडापाव तोंडात घालण्याआधी त्याच्याकडे चौकटीतून बघणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून तो चौकट करायचा, एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "वडा मध्ये नकोय. जरा डावीकडे हवा." असं म्हणत लॉ कॉलेज रोडवरच्या एका टपरीच्या कट्ट्यावर त्याने एकदा वड्याची प्लेट वीतभर डावीकडे सरकवली. डावीकडे कुत्रं होतं. ते चौकटीत आलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो फ्रेम्या. आईवडिलांनी ठेवलेलं नाव परीक्षेच्या हॉल तिकिटापुरतं उरलं. आमच्या मास कॉमच्या वर्गात तो होता, तसा तुमच्याही कॉलेजात असेल. नाव वेगळं असेल एवढंच. खूण सोपी आहे. अंगात काळा टी-शर्ट, पाठीला सॅक. सॅकमध्ये तीन रंगांचे हायलायटर, मेजरिंग टेप, सुताराची पेन्सिल आणि बोटभर जाडीची फाइल. कॅमेरा नसतो. कॅमेरा ही सगळ्यात शेवटी लागणारी वस्तू आहे, असं त्याचं मत.

टपरीसुद्धा त्याने विचार करून निवडली होती. जवळच फिल्म इन्स्टिट्यूट. कोल्हापूरहून १९३३ साली पुण्यात आलेल्या 'प्रभात'चा स्टुडिओ तो, आणि १९६० पासून तिथे इन्स्टिट्यूट. आमचं कॉलेज तिथून चांगलं तीन किलोमीटर लांब. तरी चहाला तिथेच जायचं, कारण तिथे म्हणे वातावरण मिळतं. वातावरणाचे जाण्यायेण्याचे पेट्रोलचे पैसे माझे, कारण ॲक्टिव्हा माझी.

चौथ्या सेमिस्टरला सरांनी प्रोजेक्ट दिला: म्युझिक व्हिडिओ, पाचजणांचा गट, शंभर मार्क. त्यात व्हिडिओला साठ आणि तयारीच्या फाइलला चाळीस. "आधी फाइल दाखवा, मग कॅमेऱ्याला हात लावा," सर म्हणाले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! फ्रेम्याने तिथल्या तिथे बाकावर मोजपट्टी काढली.

इंजिनिअरिंगच्या तीन पोरांचा एक बँड होता. त्यांनी पावसावर एक गाणं केलं होतं, तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. ते आम्हाला फुकट मिळालं. पहिल्याच मीटिंगला फ्रेम्याने भिंतीवर एक तक्ता चिकटवला. माणसं पाच, पदं सतरा. माझ्या नावापुढे प्रॉडक्शन मॅनेजर, ट्रान्स्पोर्ट, लोकेशन आणि केटरिंग अशी चार.

"प्रॉडक्शन मॅनेजरने काय करायचं असतं?" मी विचारलं.

"सगळं."

"मग डायरेक्टरने?"

त्याने माझ्याकडे चौकटीतून पाहिलं. "व्हिजन," तो म्हणाला.

पुढचा पंधरवडा या व्हिजनमध्ये गेला. फ्रेम्याला स्वतःची कल्पना सुचत नसे असं नाही, पण प्रत्येक कल्पनेला त्याला आधी एक 'रेफरन्स' लागायचा. पहिला रेफरन्स मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर', १९८३ चा. तो जवळजवळ चौदा मिनिटांचा आहे. आपलं गाणं पावणेचार मिनिटांचंसुद्धा नाही, असं मी म्हटल्यावर तो म्हणाला, "उरलेली दहा मिनिटं बिल्डअप." सरांनी ती दहा मिनिटं दहा सेकंदांत कापली. दुसरा रेफरन्स 'ओके गो' या बँडचा. त्यांनी २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवर नाचत अख्खं गाणं एका टेकमध्ये घेतलं होतं. आम्ही दोघं कॉलेजजवळच्या जिममध्ये गेलो. तिथे ट्रेडमिल दोन, त्यातल्या एकीवर टॉवेल वाळत होते. मालकाने "मेंबरशिप?" असं विचारलं, आणि नाही म्हणायचा धीर न झाल्यामुळे फ्रेम्या तीन महिन्यांचे पैसे भरून आला. बजेटमध्ये ते 'रिसर्च' या सदराखाली आहेत.

तिसऱ्या रेफरन्सने मात्र गायकाचा बळी घेतला. 'कोल्डप्ले'च्या 'द सायंटिस्ट'मध्ये सगळं जग उलटं चालतं आणि गायकाचे ओठ तेवढे गाण्याशी बरोबर जुळतात. युक्ती अशी की गायकाने गाणं उलटं पाठ करून उलटंच म्हणायचं आणि मग फिल्म उलटी फिरवायची. क्रिस मार्टिनला ते शिकायला महिना लागला होता. आमच्या गायकाला फ्रेम्याने चार दिवस दिले. आता 'पाऊस दारात' उलटं कसं म्हणाल? पोरगं आधी 'तरादा सऊपा' म्हणायला लागलं. फ्रेम्या म्हणाला, चूक. अक्षरं उलटी करून चालत नाही, आवाज उलटा व्हायला पाहिजे. 'दारात'चं 'ताराद्' होतं आणि 'पाऊस'चं 'सूआप्'. तेव्हा म्हण: ताराद् सूआप्. दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता बंद दाराआडून ताराद् सूआप्, ताराद् सूआप् असं ऐकू आल्यावर गायकाच्या आईने मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली आणि तिसऱ्या दिवशी त्याला मामाकडे धाडलं. उलट्या जगाचा बेत तिथे संपला. फाइलमधली त्याची अकरा पानं मात्र तशीच राहिली, आणि त्यांच्यावर हिरवा हायलायटर आला. हिरवा म्हणजे 'पुढच्या प्रोजेक्टसाठी'.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, 'बोहेमियन रॅप्सडी'चा व्हिडिओ १९७५ साली चारेक तासांत शूट झाला. चार तास! आपण तीन आठवडे तक्ते रंगवतोय."

तो शांतपणे म्हणाला, "चार तासांत शूट झाला, म्हणजे आधी काय काय ठरलेलं असेल याचा विचार कर."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा सांगितला.

फ्रेम्याशी वाद घालण्यात हीच पंचाईत असते, त्याला इतिहास पाठ असतो. उशीर होतोय म्हटलं की तो दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा काढायचा. चित्रपट करण्याआधी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल होईपर्यंत रोज थोडंथोडं चित्रण केलं, आणि ते दाखवून भांडवल मिळवलं. "वाटाण्याला वेळ दिला म्हणून 'राजा हरिश्चंद्र' झाला," फ्रेम्या म्हणायचा. मग स्वारी १९१३ वर घसरायची. "त्या युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करायच्या. शिवाय रात्री फिल्मला भोकं पाडायलाही त्याच." एवढं बोलून तो क्षणभर थांबला. "आपल्या सरस्वतीबाई कोण?"

सगळ्यांनी केटरिंगच्या प्रमुखाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी आईला विचारलं. ती म्हणाली, "पोहे करून देईन. फिल्मला भोकं पाडायला सांगू नकोस."

मग लोकेशन. फ्रेम्याला शनिवारवाडा पाहिजे होता. तिथे शूटिंगला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि अर्जाला लागणारा वेळ ऐकून सरांनी आमची सबमिशनची तारीख बोटाने दाखवली. मग वरून शॉट घ्यायला ड्रोन. २०२१ च्या नियमांप्रमाणे आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केलेले आहेत. फ्रेम्याने नकाशा काढला. पुण्याला लोहगावचा विमानतळ, तोही हवाई दलाचा. नकाशातले रंग बघून त्याने ड्रोन सोडला, पण नकाशाची रंगीत प्रिंट घेऊन ती फाइलला लावली. वरून शॉट घेण्यासाठी अखेर दिवाळीत आकाशकंदील टांगायची बांबूची काठी ठरली.

जागा मिळाली ती आईच्या ओळखीतून. शनिवार पेठेतला एक जुना वाडा, मधे चौक, चौकात तुळस, माडीवर काका-काकूंचं दोन माणसांचं बिऱ्हाड. फिल्मवाले जागा बघायला जातात त्याला रेकी म्हणतात. फ्रेम्याची रेकी सकाळी सहाला सुरू झाली. त्याने चौकाची लांबी-रुंदी मोजली. जिन्याच्या प्रत्येक पायरीची उंची मोजली. चौदा खिडक्या मोजल्या, त्यातल्या उघडणाऱ्या नऊ वेगळ्या काढल्या. दर पंधरा मिनिटांनी तुळशीवर ऊन कुठपर्यंत येतं, त्याची खडूने रेघ मारून शेजारी वेळ लिहिली. काकू हे सगळं कठड्यावरून बघत होत्या. शेवटी त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"काय रे, बिल्डरकडून आलाय का हा?"

"नाही काकू, डायरेक्टर आहे."

"असं होय! मग त्या रेघा पुसून जा म्हणावं. उद्या चतुर्थी आहे."

कॅमेरा सरकवायला ट्रॉलीचं भाडं परवडेना, तेव्हा फ्रेम्याने पुन्हा इतिहास काढला. गोदारच्या १९६० च्या 'ब्रेथलेस'मध्ये कॅमेरामनला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत शॉट घेतले होते. काकांच्या पायाच्या ऑपरेशनच्या वेळची तसली एक खुर्ची काकूंच्या माळ्यावर होतीच. काकूंनी ती दिली. अट एकच, की वापरून झाल्यावर चाकांना तेल घालून परत ठेवायची.

शेवटच्या आठवड्यात फ्रेम्याला स्लो मोशन आठवलं. यातली गंमत ज्यांनी केली आहे त्यांनाच कळेल. गायक हळूहळू चालतोय, केस सावकाश उडताहेत आणि ओठ मात्र गाण्याशी बरोबर जुळताहेत, असं दाखवायचं असेल तर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने दुप्पट वेगाने म्हणायचं आणि कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास फ्रेम घ्यायच्या. मग ते निम्म्या वेगाने दाखवलं की सगळं सुरात येतं. म्हणजे तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं विरहगीत एक मिनिट पन्नास सेकंदांत उरकायचं. तालमीला कॉलेजच्या गच्चीवर स्पीकरमधून खारीच्या आवाजात गाणं वाजायचं आणि मामाकडून परत आलेला गायक डोळ्यांत पाणी आणून चणे फुटाणे फुटावेत तसे शब्द फोडायचा. तीन दिवसांनी शेजारच्या बिल्डिंगमधून निरोप आला: "तुमचं मांजर अडकलंय, ते काढा."

शूटच्या आदल्या रात्री फ्रेम्याने एक्सेलची शीट पाठवली. नाव होतं 'संकटे'. एकूण तेवीस. क्रमांक चार: गायकाचा घसा बसणे, उपाय ज्येष्ठमध. क्रमांक नऊ: वळीव, उपाय प्लास्टिकचा कागद चार मीटर. क्रमांक अकरा: वीज जाणे, उपाय रविवार, कारण पुण्यात दुरुस्तीसाठी वीज घालवतात ती गुरुवारी. क्रमांक सतरा: कुत्रं. उपायाच्या रकान्यात फक्त माझं नाव.

रविवारी पहाटे पाच चाळीसला आम्ही वाड्यात हजर. कॉल शीटवर प्रत्येकाची वेळ, प्रत्येक शॉटचा नंबर, पोह्यांचीसुद्धा वेळ. भाड्याने आणलेला दोन हजार वॅटचा लाइट स्टँडवर चढला. फ्रेम्याने चौकटीतून पाहिलं, मान डोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदा खर्ज लावून म्हणाला, "लाइट्स!"

काहीच झालं नाही. लाइटची पिन जाड, पंधरा अँपिअरची. वाड्याच्या भिंतींतली सगळी भोकं बारीक, पाच अँपिअरची. चौदा खिडक्या मोजल्या होत्या, पायऱ्यांची उंची मोजली होती. भिंतीतलं भोक कोणी पाहिलं नव्हतं. ते चौकटीत आलेलं नव्हतं. फ्रेम्याने फाइल उघडून 'संकटे' वरून खाली आणि खालून वर वाचलं. मग तो तुळशीच्या कट्ट्यावर बसला.

"जाड पिन होय?" काकू कठड्यावरून म्हणाल्या. "ती न्हाणीघरात लागेल. गीझरची."

न्हाणीघरापासून चौकापर्यंत वायर पुरेना. मग ट्रान्स्पोर्ट-प्रमुखाने ॲक्टिव्हा काढली आणि घरून बाबांचा बोर्ड आणला. घरघंटीसाठी त्यांनी तो खास बनवून घेतला होता: लाकडी पेटी, जाड पिनेचं सॉकेट, नऊ मीटर जाड वायर. आईला सांगितलं नाही. बोर्ड जोडला, लाइट लागला, टाळ्या पडल्या, आणि त्याच क्षणी काकूंनी शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. फट् आवाज झाला आणि माडीवर अंधार.

काकूंनी कोणालाही हाक मारली नाही. मेन स्विच खाली ओढला, स्टूल घेतलं, वर चढून चिनीमातीचा फ्यूज उपसला, पदराला हात पुसले, कपाटावरच्या डबीतून तार काढली, दोन वेढे दिले, स्क्रू आवळले आणि फ्यूज परत खोचला. जेमतेम दोन मिनिटं लागली. खाली उतरून म्हणाल्या, "हे बघा, एका वेळी एकच. एक तर तुमचा सूर्य, नाहीतर माझा मिक्सर."

आणि मग एक आक्रीत घडलं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कॅमेरामनला चौसष्टच्या चौसष्ट शॉट पाठ. गायकाला गाणं सुलट, उलट आणि दुप्पट वेगाने पाठ. खुर्ची ढकलणाऱ्याला कोणती फरशी कुठे वर आलीय ते डोळे मिटून ठाऊक. कोणी काही विचारत नव्हतं, कारण सहा आठवडे तेच ते ऐकून प्रत्येकाच्या अंगात ते मुरलं होतं. फ्रेम्या एका कोपऱ्यात दोन्ही हातांची चौकट करून उभा होता आणि चौकटीसमोरून माणसं आपापल्या कामाने ये-जा करत होती. दुपारी दोनला पॅक अप झालं. बावीस संकटं आलीच नाहीत. सतरावं आलं होतं, पोह्यांच्या वासाने. ते मी हाकललं.

माझ्याजवळ येऊन फ्रेम्या हळूच म्हणाला, "काहीच बिघडलं नाही रे." मुलगी सासरी पाठवल्यासारखा चेहरा होता. मला तेव्हा कळलं की व्हिडिओ करणं ही त्याची हौस नव्हतीच. ज्याची हौस होती ते संपलं होतं.

एक गोष्ट मात्र एडिटिंगला बसल्यावर सापडली. गीझरचं सॉकेट आम्ही अडवल्यामुळे काकांची अंघोळ खोळंबली होती. पंचा गुंडाळून, हातात पेपर घेऊन ते चौकटीबाहेर वाट बघत होते, आणि शॉट क्रमांक एकतीसमध्ये सावकाश चालत गायकाच्या मागून निघून गेले. स्लो मोशनमध्ये. कापायला जावं तर गायकाच्या चेहऱ्याचा तेवढा एकच चांगला टेक. सबमिशनला सरांनी तिथे व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "हे कोण?"

फ्रेम्या म्हणाला, "काळाचं प्रतीक."

सरांनी लिहून घेतलं. व्हिडिओला साठपैकी एकेचाळीस मिळाले, फाइलला चाळीसपैकी एकोणचाळीस. एक मार्क अनुक्रमणिका नाही म्हणून गेला. ती फाइल सर आता दरवर्षी पुढच्या वर्गाला दाखवतात. 'संकटे'च्या तक्त्यात तळाशी फ्रेम्याच्या अक्षरात चोविसावी ओळ आहे: "भिंतीतलं भोक. उपाय: काकू." मी त्याची खूप चेष्टा केली, पण परवा ऑफिसच्या कार्यक्रमाला प्रोजेक्टर लावायचा होता, तेव्हा हॉलमध्ये शिरल्याबरोबर मी आधी काय केलं असेल तर वाकून प्लगचं भोक पाहिलं.

बाबांचा बोर्ड अजून त्या न्हाणीघरातच आहे. आणायला गेलं की काकू चहा ठेवतात, काका पेपर देतात आणि बोर्डाचा विषय काही निघत नाही. शनिवार पेठेकडे कोणी जाणार असाल तर तेवढा घेऊन या. घरघंटी बंद आहे, आणि आई तेव्हापासून दळण बाहेरून आणतेय.